विहिणीची कॅसेट

मी माझ्या आतेबहिणीच्या सासूची टर उडवणाऱ्या गाण्यांची कॅसेट काढली, कव्हरावर त्याच सासूचा फोटो छापला आणि ऐन लग्नसराईच्या तोंडावर ती कॅसेट जालना जिल्ह्यात गावोगाव पोचवली.

हे मी कुणावर सूड म्हणून केलं नाही. नशेतही केलं नाही. सकाळी अंघोळ करून, नारळ फोडून, कपाळाला गंध लावून केलं. माझ्या बहुतेक मूर्खपणांना असाच मुहूर्त लागतो.

चैत्रात लिंब फुलला की जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीत बस्त्याची गर्दी सुरू होते. नवरीकडचे, नवरदेवाकडचे, दोन्हीकडचे मामे, माम्या आणि त्यांची पोरं कापडदुकानाच्या गादीवर पाय पसरून बसतात आणि एका शालूवर डझनभर मतं पडतात. बाहेर ऑटोवाले भोंगे वाजवत तुंबलेले असतात. माझ्या गाण्यांच्या दुकानात काउंटरच्या काचेवर दुपारी हात ठेववत नाही. हल्ली पोरं मोबाईलचं कार्ड घेऊन येतात आणि म्हणतात, "काका, लग्नाचे भरून द्या." मी भरून देतो. कोणती गाणी ते मी विचारत नाही, त्यांनाही सांगायचं नसतं. संगणकावर एक हिरवी पट्टी सरकते आणि ढीगभर गाणी नखाएवढ्या तुकड्यात जाऊन बसतात. त्यातलं एकही आमच्या मुलखातलं नसतं.

पूर्वी असायची. पूर्वी गाण्यांनाही पिकांसारखा हंगाम होता. उरुसाच्या आधी कव्वाल्या निघत, जयंतीच्या आधी भीमगीतं, जत्रांच्या आधी देवीची गाणी, श्रावणाच्या आधी भजनं. ती मुंबईहून येत नसत. इथंच, कुणाच्या तरी मागच्या खोलीत निघत. अंबडचा एखादा बँडवाला क्लॅरोनेट घेऊन येई, एखादा मास्तर सुट्टी टाकून शाहीर होई, दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर कॅसेटची कव्हरं रंगवी, आणि त्याला फक्त वाघ चांगला जमत असल्यामुळे भजनाच्या कॅसेटवरही वाघ असे. बाजाराच्या दिवशी हातगाडीवर भोंगा लागला की लोक थांबून विचारत, "नवी निघाली काय?" हा प्रश्न इतक्या आशेनं विचारलेला मी नंतर कधी ऐकला नाही.

जालना औरंगाबादेतून निघून वेगळा जिल्हा झाल्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. सगळंच आता जिल्ह्याचं स्वतःचं पाहिजे, अशी हवा होती. जिल्ह्याची कचेरी झाली, जिल्ह्याचं कोर्ट झालं, मग जिल्ह्याची गाणी का नकोत? मी हसनाबादची शेती भावावर टाकून, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षात दणदणीत नापास होऊन, इथं दुकान टाकलं होतं. कंपनीचं नाव ठेवलं ‘महागर्जना’. महागर्जना म्हणजे मी, दोन टेप आणि दार न लागणारं एक कपाट.

शेजारी नईमभाईंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तेच आमचे रेकॉर्डिंगवाले. त्यांनी कुठून तरी प्रतिध्वनी पाडणारी एक पेटी मिळवली होती आणि त्या पेटीवर त्यांचा इतका जीव होता की साधं "हॅलो, हॅलो" म्हटलं तरी ते घुमटात म्हटल्यासारखं वाजे. कव्वालीला ते शोभायचं. पण पाळण्यालाही ते तेवढाच घुमारा देत, आणि बाळ विहिरीत पडल्यासारखं वाटे.

तर एका थंडीत माझ्या ध्यानात आलं की लग्नसराईला आपल्याकडची एकही कॅसेट निघत नाही. मांडवात वाजतात ती सिनेमाची गाणी. आणि माझ्या तर घरात गाणारी होती. गोदाआत्या, माझ्या वडलांची धाकटी बहीण. टेंभुर्णीला दिलेली.

आत्या बोलायला लागली तर शेजारच्या बाईलाही नीट ऐकू जायचं नाही. पण मांडवात विहिणींची पंगत बसली की पदर कमरेला खोचून उभी राहायची, आणि मग तिच्या गळ्यातून जे निघायचं ते ऐकायला आचारीसुद्धा झारा हातात घेऊन बाहेर येत. आमच्याकडची रीत अशी, की पंगतीला बसलेल्या विहिणीला गाण्यातून वाट्टेल ते बोलायचं. तिच्या नाकावर, खाण्यावर, चालण्यावर. नाव घेऊन बोलायचं. विहिणीनं घास चावत ऐकायचं आणि मग तिच्याकडच्या बायांनी उलटून दुप्पट बोलायचं. दोन्हीकडं हसून हसून डोळ्यांना पाणी. मांडव सुटला की बोललेलं सगळं त्या आंब्याच्या वाळल्या डहाळ्यांबरोबर उकिरड्यावर जायचं. कुणी मनात धरायचं नाही.

आत्याची एकुलती एक मुलगी शकू. तिचं लग्न मागच्याच उन्हाळ्यात झालं होतं. परतूरच्या पलीकडचं खातंपितं शेतकरी घर, सासूचं नाव अनसूयाबाई. त्या पंगतीत आत्यानं म्हटलेलं मला अजून पाठ आहे:

आल्या आल्या विहीणबाई, अनसूयाबाई,
मागून आणली नथ, तिला नाकच न्हाई!

अनसूयाबाईंनी लाडूचा घास हातात धरून आत्याकडं पाहिलं आणि अशा हसल्या की नथ ताटात पडली. मग त्यांनी आत्याच्या काटकुळ्या हातापायांवर जे म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. जाताना दोघी गळ्यात पडल्या. नथ खरोखरच जावेकडून मागून आणलेली होती, हे नंतर कळलं.

रेकॉर्डिंग माघातल्या एका दुपारी, नईमभाईंच्या मागच्या खोलीत. रस्त्याचा आवाज नको म्हणून भिंतींना गोधड्या ठोकल्या होत्या. पंखा घरघरतो म्हणून बंद. सोल्डरिंगचा धूर, गोधड्यांना जुन्या लुगड्यांचा वास, आणि मधोमध खुर्चीच्या अगदी कडेला टेकलेली आत्या, खुर्ची पळून जाईल अशा बेतानं. ढोलकीवाल्यानं ठेका धरला. आत्या समोरच्या भिंतीकडं बघत बसली.

"म्हण ना आत्या."

"कोणाला म्हणू? समोर भिताड बसवलंस. भिताडाला काय नाक असतं का?"

"विहीण हाय असं समज."

"कोणती? नाव काय तिचं?"

इथं माझ्यातला कंपनीमालक जागा झाला. नावाशिवाय ते गाणं होतच नाही. जागा मोकळी सोडली तर ठेका लंगडतो. मी दोनचार नावं घालून पाहिली. कमळाबाई बसेना, पारूबाई तोकडं पडलं. आणि मग मी, स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन, म्हटलं, "शकूच्या लग्नातलंच घे की. अनसूयाबाई. बराबर बसतंय."

आत्यानं माझ्याकडं पाहिलं. "आरं, ते मांडवातलं."

"मांडवासाठीच तर कॅसेट काढून राह्यलो."

तिला काही तरी म्हणायचं होतं. पण भाचा शिकलेला, त्याचं दुकान, त्याची यंत्रं. तिनं डोळे मिटले, भिंतीच्या जागी पंगत आणली आणि सुरू केलं. काय आवाज लागला होता! तिसऱ्या गाण्यात बाहेरून कुल्फीवाल्याची घंटा आत आली आणि नेमकी समेवर वाजली. नईमभाई भारावून पेटीचं बटण पिळत होते. त्यामुळं प्रत्येक वेळी "अनसूयाबाई" आलं की ते "बाई… बाई… बाई…" करत लांबवर जाई. टर एकदाच उडवायची, तर आमच्याकडं ती चार वेळा उडाली.

आणि माझं निवेदन. ते कसं विसरेन? दर गाण्याच्या आधी मी बोललो होतो. "रसिकहो!" अशी सुरुवात. मग लोककलेचं महत्त्व, मग महागर्जनेचा पत्ता, मग पुन्हा "रसिकहो!" नईमभाई त्या दुपारीच म्हणाले होते, "भाऊ, बाई इतकं चांगलं गाऊन राह्यली, तू बीच में कायको बोलून राह्यला?" मी त्यांना समजावलं की निवेदनानं दर्जा येतो.

कव्हराला लग्नाचा फोटो पाहिजे होता. माझ्याजवळ शकूच्या लग्नातला होता, विहीणभेटीचा. मधोमध अनसूयाबाई, नथीसकट. छापखान्यात शाईची गडबड झाली आणि सगळं वऱ्हाड हिरवं निघालं. तरी ओळखू येत होतं. हिरव्या रंगात नथ तर फारच उठून दिसत होती.

तो उन्हाळा! महागर्जनेची एवढी एकच कॅसेट चालली, पण काय चालली! आम्ही दिवसभर टेपला टेप जोडून नकला काढायचो, मोटारी तापायच्या, नईमभाई त्यांच्यावर पुठ्ठ्यानं वारा घालायचे. बसमधून जाताना एका गावाच्या मांडवात आत्या सुरू असायची, पुढच्या गावात पुन्हा आत्या. खिडकीतून गरम फुफाटा तोंडावर येतो आहे, आणि उसाच्या रसाच्या गुऱ्हाळावरही "नाकच न्हाई… न्हाई… न्हाई…" मी शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत सुटे, "आपली कॅसेट हाय ही."

एका लग्नात मी मुद्दाम पंगतीजवळ उभा राहिलो. विहीण कुणी कमळाबाई होती. भोंगा अनसूयाबाईला बोलत होता. कमळाबाई जेवत होत्या. ज्या बायांनी गायचं, त्या पदर खोचून उभ्या राहिल्याच नाहीत. त्याही बसून ऐकत होत्या, कुणाकुणाचे ओठ हलत होते, पण नावाच्या जागी त्यांच्याही तोंडी अनसूयाबाईच येत होतं. मला तेव्हा हे यशाचं लक्षण वाटलं. पुढं अशा मांडवांतून फिरताना ध्यानात येत गेलं की बाया आता उभ्याच राहत नाहीत. कॅसेटचा हंगाम मी आणला, आणि गाण्याचा तिथंच संपला.

शकूला तेव्हा दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. आत्यानं डिंकाचे लाडू केले, जुन्या मऊ लुगड्यांचं दुपटं शिवलं, गडी फाट्यावरून आणायला बैलगाडीला सावलीची नवी तट्टी बांधून बसला. शकूला आणायला तिचे वडील गेले ते एकटेच परत आले. सासरकडून निरोप होता: ज्या तोंडानं आमची अब्रू गावोगाव गायली, त्या तोंडाच्या घरी आमची सून येणार न्हाई.

आत्यानं मला शब्दानं बोल लावला नाही. लाडवाच्या डब्याचं झाकण घट्ट बसवलं आणि म्हणाली, "दिग्या, ते बंद कर आता. जल्दी कर."

मी जल्दी केली. बाजार धुंडाळून मिळेल तिथून माझीच कॅसेट परत विकत घ्यायला लागलो. हातगाडीवाल्याकडं गेलो की सगळ्या उचलायचो. पुढच्या बाजाराला त्याच्याकडं पुन्हा तेवढ्याच. त्याच्या पुढच्या बाजाराला दुप्पट. शेवटी मी चिडून विचारलं, "अरे, या येऊन कुठून राह्यल्या?"

तो खुशीत म्हणाला, "तुम्हीच तर समद्या उचलून राह्यले भाऊ. मागणी पाहून मी आमच्या पाव्हण्याला सांगितलं, तो नकला काढून देतो. तुमच्यासाठी बाजूला ठेवू का आणिक?"

जमवलेल्या सगळ्या मी हसनाबादच्या शेतात नेऊन जाळल्या. प्लास्टिकचा काळा धूर दिवसभर वर जात होता आणि भाऊ लांब बांधावर उभा राहून बघत होता.

मग मला आणखी एक युक्ती सुचली. माफीची कॅसेट. आत्यानं अनसूयाबाईंची स्तुती गायची, ती आपण स्वतः नेऊन द्यायची. आत्या पुन्हा त्या गोधड्यांच्या खोलीत आली. कोरी चांगली टेप हाताशी नव्हती, आणि नाहीतरी जुनं पुसायचंच होतं, म्हणून मी म्हटलं, मूळ टेपवरच घ्या.

नईमभाईंचा हात बटणावर थांबला. "पुसलेलं वापस येत न्हाई, भाऊ."

"तेच तर पाहिजे," मी म्हणालो.

आत्या गायली. अनसूयाबाईचं नाक चाफेकळी, अनसूयाबाईचं घर सोन्याचं. शाळेतल्या पोरीनं उभं राहून धडा वाचावा तसं. नईमभाईंनी या वेळी पेटीला हात लावला नाही.

नारळ, साडी-चोळी आणि ती कॅसेट घेऊन आत्या आणि मी परतूरच्या पुढच्या त्या गावी उतरलो. फाट्यावर पानटपरी होती. मी अनसूयाबाईंचं घर विचारलं. टपरीवाला पानाला चुना लावता लावता म्हणाला, "कोणत्या अनसूयाबाई? नाक न्हाई त्या?" आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर मला बरं वाटलं. माल इथवर पोचला होता.

अनसूयाबाई ओसरीवर तूर पाखडत होत्या. नाकात काहीच नव्हतं. सूप खाली न ठेवता, आत्याकडं न बघता त्यांनी माझं ऐकून घेतलं. मी पिशवीतून कॅसेट काढली, तशा म्हणाल्या, "तुझी आत्या मांडवात बोलली. मी हसले. मीबी तिला बोलले, फिटलं तिथंच. आता ही डब्बी बोलून राह्यली. हिला मी उलटून काय म्हणू?"

मी कॅसेट त्यांच्या पुढ्यात ओसरीवर ठेवली.

"पोरं माझ्या नातवालाबी चिडवतील," त्या म्हणाल्या. "उचल तुझं ते."

शकू आत दाराआड उभी होती. तिच्या बांगड्या तेवढ्या वाजल्या. बाळंतपण तिथंच झालं. दुपटं टेंभुर्णीत राहिलं. पुढं काही वर्षांनी सासरचे थोडे निवळले. शकू नवऱ्याबरोबर सकाळी यायची आणि उन्हं उतरायच्या आत परत जायची. मुक्काम कधी नाही. आणि आत्या कुठल्याच मांडवात पुन्हा उभी राहिली नाही. लग्नाला जायची, भिंतीला टेकून बसायची, कुणी आग्रह केला तर म्हणायची, "आता हाय की कॅसेट."

या वर्षी लिंब फुलायच्या जरा आधी आत्या गेली. शकू आली ती तेराव्यापर्यंत राहिली. आईच्या घरी तिचा एवढा मोठा मुक्काम लग्नानंतर पहिलाच. अनसूयाबाईही आता नाहीत, त्यामुळं जाऊ नको म्हणणारं कुणी उरलं नव्हतं, आणि ये म्हणणारंही. तेराव्याच्या दुपारी पंगती उठल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. केस पिकलेत तिचे.

"दादा, आईची ती कॅसेट हाय का तुझ्याकडं?"

मी म्हटलं, "माफीची हाय. मूळची… तिच्यावरच ती घेतली होती."

"माफीची नको. ती आई वाटतच न्हाई."

मी तिला सांगितलं नाही की गेली कित्येक वर्षं मी आठवडी बाजारांतून मूळ कॅसेटच शोधतो आहे. मोंढ्यातल्या भंगारवाल्यांकडं, जीपवाल्यांच्या जुन्या डब्यांत. हिरव्या वऱ्हाडाचं कव्हर एकदोनदा सापडलं. आत सिनेमाची गाणी भरलेली होती. नईमभाईंच्या खोलीत आता मोबाईलची कव्हरं मिळतात. ते स्वतः गेले, पेटी कुणी नेली माहीत नाही. कुल्फीवाल्याची ती घंटासुद्धा गेली.

शकू म्हणाली, "माझ्याकडं होती एक. आमच्या बाजारात घेतल्ती चोरून. पिठाच्या डब्यात ठेवायचे. सासू शेतात गेली की रुखवतातल्या टेपवर लावायचे, बारीक आवाजात. पहिल्या पोराच्या येळेला तर रोज. आई उशाशी बसल्यासारखी वाटायची."

माझा ऊर भरून आला. म्हणजे महागर्जनेनं इतक्या वर्षांत निदान एका घरात एक चांगलं काम केलं होतं तर! मी घसा साफ करून म्हणालो, "म्हणजे शकू, माझ्या कॅसेटीनं तुला—"

"मंग तुटली," ती म्हणाली. "तू दर गाण्याच्या आधी ‘रसिकहो, रसिकहो’ करून राह्यला ना. तेवढं पुढं ढकलता ढकलता टेपनं गिळली अन् तुटली."

"अगं, मग तुटलेली तरी दे! मी जोडून देतो, मला येतं ते."

"कुठली देऊ? मी उकिरड्यावर फेकली, तर सासऱ्यानं ती रीळ उचलून ज्वारीवर बांधली, पाखरं हाकायला." तिनं डोळ्यांना पदर लावला, आणि मग माझ्याकडं नीट पाहून म्हणाली, "पाखरं बाकी बराबर उडायची, दादा. तुझाच आवाज जास्त भरलेला व्हता तिच्यात."